मिकीचा बाप कोणत्या गावचा? वॉल्ट डिस्नेची गोष्ट आमच्या पोट्ट्यांना सांगावी का?

बांधावरचा मास्तर

नमस्कार मंडळी.

मी रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट २९, शिक्षक दोन. शनिवारी दप्तर नसतं, बालसभा असते. तरी तिसरीतली एक पोट्टी मागच्या शनिवारी दप्तर घेऊनच आली. रामटेकच्या बाजारातून आणलेलं नवंकोरं दप्तर, त्यावर मिकी माऊस. दुसरीतल्या एकानं विचारलं, "गुरुजी, हा उंदीर कोणाचा?" मी म्हटलं, वॉल्ट डिस्नेचा. लगेच पुढचा प्रश्न, "तो कोणत्या गावचा?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

जन्म शिकागोचा, ५ डिसेंबर १९०१. पण १९०६ मध्ये बापानं, म्हणजे एलायसनं, मिसुरी राज्यातल्या मार्सलिन गावाजवळ ४५ एकर वावर घेतलं. गाई, डुकरं, कोंबड्या, सफरचंदाची झाडं. तिथं या पोरानं धाकट्या बहिणीला घेऊन घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबरानं चित्रं काढली, ती काही केल्या निघेनात. शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं आपल्या घोड्याचं चित्र काढायला सांगितलं आणि वर पैसे दिले. चित्राचेही पैसे येतात हे त्याला तिथं कळलं. पुढं बाप आजारी पडला, शेती झेपेना, १९१० मध्ये वावर विकायला काढलं. जनावरांचा लिलाव झाला. वॉल्ट आणि मोठा भाऊ रॉय यांनी माणसाळवलेलं एक शिंगरूही गेलं. काही दिवसांनी ते गावात कोणाच्या तरी गाडीला बांधलेलं दिसलं. त्यानं दोघांना ओळखलं, खिंकाळलं, आणि दोघे भाऊ त्याच्या गळ्याला मिठी मारून रडले.

इथं मी मोबाईल बाजूला ठेवला. मी सातवीत असताना आमची बैलजोडी विकली होती. व्यापारी दोर धरून निघाला तेव्हा बाबा आत जाऊन बसले. आई फाटकापर्यंत गेली आणि तिनं दोन्ही बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं.

माझ्या मनात ५ डिसेंबरला बालसभेत वीस मिनिटं या माणसाची गोष्ट सांगायची आहे. सहकारी मॅडम म्हणतात, परदेशी कंपनीवाल्याचं कौतुक कशाला, त्याच महिन्यात २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे. ती तर आम्ही दरवर्षी करतोच. मला डिस्नेची एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. तो दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसायच्या आणि हा बाकावर शेंगा खात एकटा बसून राहायचा. तेव्हा त्याला वाटलं, आईबाप आणि लेकरं मिळून मजा करतील अशी एक जागा पाहिजे. आमच्या गावात आता एका घरात चार मोबाईल आणि चार कोपरे आहेत. म्हणून विचारतो, सांगावं का, आणि काय सांगावं?

वऱ्हाडी ठसका

सांगाच मास्तर! आमच्या अकोटकडच्या गावात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'डक टेल्स' लागायचं. अख्ख्या आळीत टीव्ही एकच, पाटलाच्या ओसरीत. वीस पोट्टे जमिनीवर, पाटलीणबाई तांदूळ निवडत मागं, आणि तिचा बुढा सासरा खाटेवर. एक जण माळवदावर अँटेनाचा बांबू धरून उभा राहायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आलं... आलं... गेलं!" त्यातला श्रीमंत बदक, अंकल स्क्रूज, सोन्याच्या नाण्यांत पोहायला लागला की बुढा म्हणे, "याले सांगा, तिजोरीत पोहू नको, बँकेत टाक." आम्ही हसायचो आणि तोही हसायचा. त्याला हिंदी धड समजत नव्हतं, पण एक रविवार चुकवला नाही त्यानं.

'जंगल बुक' पण डिस्नेचंच ना? मोगली तर तुमच्या पेंचचाच!

चिन्मयी यवतमाळ

ठसकादादा, दोन दुरुस्त्या, रागावू नका.

दूरदर्शनवरचं 'जंगल बुक' डिस्नेचं नव्हतं, ती १९८९ ची जपानी मालिका होती. डिस्नेच्या स्टुडिओचा 'जंगल बुक' हा सिनेमा १९६७ चा. आणि 'डक टेल्स' १९८७ चं. वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ ला गेला. स्क्रूज तर वॉल्टनं निर्माणही केला नव्हता. कार्ल बार्क्स नावाच्या चित्रकारानं कॉमिक्ससाठी १९४७ मध्ये तो काढला. मास्तरांना मुलांपुढं उभं राहायचं आहे, म्हणून खरं तेवढं सांगितलेलं बरं.

वऱ्हाडी ठसका

बरं झालं सांगितलं ताई. बुढ्याचं हसू तरी खरं होतं, तेवढं राहू द्या.

झाडीचा गडी

मी वडशाचा. पेटी वाजवतो. माझं मत मास्तरांच्या मॅडमकडं झुकतं, आणि स्पष्ट बोलतो.

घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचं मनोरंजन आम्हाला अमेरिकेनं शिकवायची गरज नाही. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियात मंडईची जत्रा भरते, गावोगाव दंडार आणि खडी गंमत होते. इकडं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आला की रात्री नाटक आलंच. लेक-जावई येतात, व्याही येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. पोराचं लग्न ठरवायचं तर मंडईत पाहणं होतं. रात्री साडेनऊला पडदा उघडतो आणि पाखरं बोलायला लागली की पडतो. म्हातारी शाल पांघरून पुढं, तिच्या मांडीवर नातू झोपलेला, विनोदी पात्र आलं की ती त्याला हलवून उठवते, "ऊठ बा, तो आला पाय." सकाळी तीच माणसं धानाच्या चुरण्यावर जातात आणि दिवसभर नाटकातले संवाद म्हणतात. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट सांगा ना पोरांना. ते आपले आहेत.

आणि दुसरं. डिस्ने पडद्यावर. पडद्यावरचा माणूस तुमच्याकडं बघत नाही. आमच्या नाटकात विनोदी नट पुढच्या रांगेतल्या बुढ्याचं नाव घेऊन बोलतो. तो फरक फार मोठा आहे.

बांधावरचा मास्तर

गडीभाऊ, खुणे सरांची गोष्ट नक्की सांगेन, हे चांगलं सुचवलंत. पण तुम्ही जे म्हणता त्यातूनच मला डिस्ने जवळचा वाटतो. १९३४ साली एका संध्याकाळी त्यानं आपल्या चित्रकारांना स्टुडिओतल्या रिकाम्या हॉलमध्ये बसवलं आणि 'स्नो व्हाईट'ची अख्खी गोष्ट एकट्यानं करून दाखवली. राणी झाला, तोच सात बुटके झाला, चेटकीण झाला. काही तास चाललं होतं ते. ऐकणाऱ्यांनी पुढं आयुष्यभर त्या रात्रीबद्दल सांगितलं. पडदा नव्हता, चित्र नव्हतं, एक माणूस आणि समोर बसलेले लोक. तुमच्या मांडवात हा माणूस उभा राहिला असता तर लोकांनी त्याला पहाटेपर्यंत उतरू दिलं नसतं.

झाडीचा गडी

हे मला माहीत नव्हतं मास्तर. बाकी मत कायम, पण हे आवडलं. असा माणूस आमच्यात 'एकट्यानं नाटक पेलणारा' म्हणून ओळखला जातो.

रेघोट्या

मी मूळचा आर्वीचा, आता पुण्यात ॲनिमेशनचंच काम करतो. मास्तर, पोरांना काम कसं होतं तेही सांगा, त्यांना त्यात फार रस असतो. वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढा, पुढच्या पानावर थोडा खाली, पुढच्या पानावर आणखी खाली, आणि पानं फडफडवा. चेंडू उडतो. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी जातात. आता कॉम्प्युटर मधली चित्रं भरतो, तेव्हा प्रत्येक चित्र हातानं.

मिकी कसा आला ते ऐकण्यासारखं आहे. वॉल्टची पहिली ॲनिमेशन कंपनी कॅन्सस सिटीत १९२३ मध्ये बुडाली. थोडं सामान घेऊन तो हॉलिवूडला गेला आणि रॉयबरोबर पुन्हा सुरुवात केली. १९२७ मध्ये ओसवाल्ड नावाचा ससा चालला, खूप चालला. १९२८ मध्ये जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला तर वितरकानं उलट कमी देऊ केले. ससा कायद्यानं त्याचा नव्हताच, आणि त्याचे बहुतेक चित्रकारही त्या माणसानं आधीच फोडले होते. सोबत राहिला तो जुना मित्र अब आयवर्क्स. पहिल्या मिकीपटासाठी आयवर्क्सनं दिवसाला सातशेपर्यंत चित्रं काढली. मी दिवसभरात चाळीस चांगली काढली तर हात झटकत घरी येतो. म्हणून मिकीचा बाप कोण असं विचारलं तर मी दोन नावं सांगेन. वॉल्टनं त्याला स्वभाव दिला आणि १९४७ पर्यंत स्वतःचा आवाज दिला, पण उंदीर उमटला तो आयवर्क्सच्या हातून.

पहिले दोन मुके मिकीपट कोणी घ्यायला तयार नव्हतं. मग आवाज जोडलेला तिसरा केला, 'स्टीमबोट विली'. ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला, वादक चित्राच्या पुढंमागं जायचे. पुन्हा करायला पैसे नव्हते, वॉल्टची गाडी विकली. दुसऱ्या वेळी फिल्मवर उडणारा ठिपका ठेवला, त्याच्यावर नजर ठेवून वादकांनी ताल धरला. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागला आणि बाकी सगळं जगाला माहीत आहे.

आपल्याशी नातं म्हणाल तर तेही आहे. डिस्नेच्या 'बॅम्बी' सिनेमावर काम केलेले क्लेअर वीक्स भारतात जन्मलेले होते. १९५६ मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आपल्या लोकांना शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले, आणि राम मोहन यांच्या हाताखाली आमच्या धंद्यातली अर्धी जुनी मंडळी. त्या हिशेबानं मी वॉल्टचा पणतू लागतो.

वऱ्हाडी ठसका

पणतूसाहेब, वावराच्या हिश्श्यात नाव लावून घ्या मग!

मोहफूल

मी देवरी तालुक्यातली. इथं सगळे प्राण्यांचं कौतुक करतील, म्हणून मला एक वेगळं सांगायचं आहे.

आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन जंगलात जातात, कारण उजाडल्यावर गेलं तर जनावरं खाऊन जातात. अस्वलालाही मोह फार आवडतो. माझी मावशी झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. समोर काळं काही हललं, तिला वाटलं शेजारीण आहे. ती म्हणाली, "तू कवा आली वो?" आणि ते दोन पायांवर उभं राहिलं. डोक्याची चामडी सोलली गेली. सोबतच्या बायकांनी कुऱ्हाडी आपटून, ओरडून त्याला हाकललं. मावशी वाचली. आजही पदर कपाळावर ओढूनच फोटो काढते.

तिचा नातू टीव्हीवर नाचणारं, गाणारं, पोट खाजवणारं अस्वल बघतो आणि म्हणतो मला बल्लू पाहिजे. मावशी उठून आत जाते. मला डिस्नेबद्दल राग नाही. पण ज्या पोरांच्या घरामागून जंगल सुरू होतं, त्यांना गोष्टीतला बल्लू आणि मोहाखालचं अस्वल, दोन्ही एकाच दिवशी सांगा मास्तर. तुमच्या शाळेच्या मागंही पेंच आहे.

बांधावरचा मास्तर

ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मावशींना नमस्कार सांगा. हे मी सांगणारच. आमच्या चौथीतल्या दोघांच्या घरचे मोह वेचायला जातात, ते समजतील.

तोतलाडोह

मी त्याच भागात पर्यटकांना जिप्सीतून फिरवतो. मोहफूलताईंचं शंभर टक्के बरोबर. आणखी एक. 'जंगल बुक' सिनेमातला माकडांचा राजा ओरांगउटान आहे. तो प्राणी बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातला, आपल्याकडं नाही, मूळ लेखक किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकातही नाही. आणि पुस्तकातला 'का' नावाचा अजगर मोगलीचा मित्र आहे, सिनेमात त्याला खलनायक केलं. दर आठवड्याला एक तरी पर्यटक विचारतो, तो नारंगी माकड कुठं दिसेल? मी म्हणतो, त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागंल साहेब.

पण पुस्तकात सिवनीचे डोंगर आहेत आणि वैनगंगा आहे हे पक्कं. वैनगंगा तिथून निघून भंडारा, गडचिरोलीकडं येते. आणि सिनेमा म्हणाल तर वॉल्टच्या देखरेखीखालचा तो शेवटचा ॲनिमेशनपट, तो जाऊन दहा महिने झाल्यावर लागला. त्याचं शेवटचं काम आपल्या नदीकाठचं आहे, हे पोट्ट्यांना सांगा. बघा कसे ताठ बसतील.

सुमनताई पवनी

मी अंगणवाडीत आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण कोणी बायकांचं बोललं नाही.

डिस्नेच्या स्टुडिओत शेकडो बायका होत्या, शाई आणि रंगाच्या विभागात. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवायची आणि मागच्या बाजूनं रंग भरायचा. हात जरा थरथरला की ते पान वाया. १९३८ मध्ये एका मुलीनं चित्रकाराच्या कामासाठी अर्ज केला, तर कंपनीकडून उत्तर गेलं की पडद्यासाठी चित्रं तयार करण्याचं काम पुरुषच करतात, बायका करत नाहीत. ते पत्र आजही बघायला मिळतं.

माझं माहेर आंधळगावच्या बाजूचं. तिथं कोसा रेशीम विणतात. कोष उकळायचा, धागा ओढायचा, मांडीवर वळायचा, हे बायकांचं. माझ्या आजीच्या उजव्या मांडीची कातडी गुळगुळीत झाली होती, केस येत नव्हते त्यावर. मागावर पुरुष बसायचे आणि साडी त्यांच्या नावानं ओळखली जायची. म्हणून ते पत्र वाचलं तेव्हा मला आजीची मांडी आठवली.

पण रेट्टा स्कॉटनं 'बॅम्बी'तले शिकारी कुत्रे काढले आणि १९४२ मध्ये पडद्यावर ॲनिमेटर म्हणून तिचं नाव आलं, त्या स्टुडिओत असं नाव येणारी ती पहिली बाई. चित्रकार मेरी ब्लेअरचे रंग वॉल्टला स्वतःला फार आवडायचे. तुमच्या बालसभेत पोरी बसलेल्या असतील मास्तर. ही दोन नावं फळ्यावर लिहा.

शकुंतला पॅसेंजर

मी मूर्तिजापूरचा. छोटी रेल्वे ऐकत मोठा झालो, म्हणून वॉल्टचं रेल्वेवेड मला लगेच कळतं. मार्सलिन रेल्वेचं गाव, काका इंजिन चालवायचा. पंधरा-सोळाव्या वर्षी वॉल्टनं गाडीत पेपर, गोळ्या, थंड बाटल्या विकल्या. त्याआधी कॅन्सस सिटीत सहा वर्षं बापाच्या पेपरच्या लाईनवर राबला. पहाटे साडेतीनला उठायचं, बर्फात घरोघर पेपर टाकायचे आणि मग शाळा. बाप त्याचे पैसे देत नसे. मोठेपणीही त्याला स्वप्न पडायचं की एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेला आहे. आमच्याकडची पेपर टाकणारी पोरं याच वेळी उठतात.

आता दुसरी बाजू. मास्तर, एवढा राबलेला माणूस मालक झाल्यावर कामगारांशी कसा वागला, तेही गोष्टीत यायला पाहिजे. मे १९४१ मध्ये त्याच्या स्टुडिओत संप झाला. पगारात फार तफावत होती, पडद्यावर बहुतेकांची नावं नव्हती, आणि युनियनमध्ये पुढं असलेल्या आर्ट बॅबिटला काढून टाकलं होतं. बॅबिट म्हणजे डिस्नेच्या गूफी या पात्राला चाल देणारा, वरच्या फळीतला माणूस. वॉल्टला वाटलं हे घर फुटलं, यामागं कम्युनिस्ट आहेत. १९४७ मध्ये त्यानं सरकारी समितीपुढं जाऊन कम्युनिस्ट म्हणून लोकांची नावं घेतली. माझे आजोबा नागपुरात मिलमध्ये होते, युनियनचा बिल्ला शेवटपर्यंत सदऱ्याला लावायचे. त्यांचा नातू म्हणून मला हे गिळता येत नाही. एलायस डिस्ने स्वतः समाजवादी विचारांचा, मार्सलिनमध्ये शेतकऱ्यांची संघटना बांधू पाहणारा. त्याचा हा मुलगा.

बांधावरचा मास्तर

मान्य आहे दादा. दहा वर्षांच्या पोराला हे कसं सांगायचं याचा विचार करतो आहे. बहुतेक असं सांगेन, सिनेमा संपल्यावर नावं येतात ना, ती सगळ्यांची यावीत म्हणून लोकांना काम बंद करून रस्त्यावर उभं राहावं लागलं.

रेघोट्या

सुंदर सांगितलंत. आमच्या धंद्यात आजही नावावरून भांडणं होतात.

नानाजी

वय ७८, नातू टाइप करून देतो आहे. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एकदा मोठ्या सिनेमाच्या आधी रागीट बदकाचं छोटं चित्र दाखवलं. बदक काय बोलतं ते त्याच्या देशातल्या लोकांनाही कळत नसेल, तर आम्हाला काय कळणार? पण अख्खा तंबू हसला. माझे वडील कर्जाच्या काळजीत होते त्या वर्षी. त्यांना हसताना मी त्या रात्री पाहिलं. बदकाचं नाव डोनाल्ड, हे मला पन्नास वर्षांनी कळलं.

आता तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात येतात तेव्हा दोन शिवाजी महाराज, एक झाशीची राणी आणि एक मिकी असतो. मी चौघांनाही सारखाच बोजारा देतो.

चिन्मयी यवतमाळ

नानाजी, हे वाचून आईला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

मास्तर, एक कामाची सूचना. 'स्टीमबोट विली'वरचा अमेरिकेतला हक्क १ जानेवारी २०२४ ला संपला. पावणेआठ मिनिटांचं आहे, संवाद जवळजवळ नाहीत, म्हणजे भाषेची अडचण नाही. शाळेत टीव्ही असेल तर दाखवाच. आणि गोष्टीत पैशाचाही धडा येऊ द्या. 'स्नो व्हाईट'चा अंदाज अडीच लाख डॉलरचा होता, खर्च गेला पंधरा लाखांच्या घरात. ८३ मिनिटांचं व्यंगचित्र कोण बघेल म्हणून हॉलिवूडचे लोक त्याला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणायचे. बँकेपुढं जाऊन उभा राहायचा तो रॉय. २१ डिसेंबर १९३७ ला पहिला खेळ झाला आणि थिएटरातली मोठी माणसं रडली. पुढं त्याला एक मोठा आणि सात छोटे ऑस्कर एकत्र मिळाले, ते पोरांना फार आवडेल.

वऱ्हाडी ठसका

आणि खर्ऱ्याचं, तंबाखूचं पण सांगा मास्तर. आयुष्यभर सिगारेट ओढली आणि ६५ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. पाचवीतली पोरं खिशात पुडी ठेवून राहिली आजकाल.

झाडीचा गडी

मी परत आलो. मास्तर, दाखवा काय ते, पण एकट्या पोरांना दाखवू नका. त्यांच्या आज्या-आजोबांनाही बोलवा. तरच त्या बाकावरच्या शेंगांना अर्थ आहे.

बांधावरचा मास्तर

मंडळी, झाली बालसभा. गडीभाऊंचं ऐकलं. निरोप पाठवला तर अकरा आज्या आणि चार आजोबा आले. सतरंजी पुरली नाही, खताची रिकामी पोती उसवून अंथरली. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई डाळीला फोडणी देऊन दारात उभ्या राहिल्या.

आधी गोष्ट सांगितली. फळ्यावर पाच नावं लिहिली, वॉल्ट, रॉय, अब, रेट्टा, मेरी. शेजारी परशुराम खुणे. मोहाखालच्या अस्वलाचं सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "कुऱ्हाड आपटत चालाव लागते," आणि पोरांना आपटून दाखवलं. पाच मिनिटं वर्ग त्यांनीच घेतला. वैनगंगेचं सांगितल्यावर तोतलाडोहभाऊ म्हणाले तसंच झालं, सगळे ताठ.

मग 'स्टीमबोट विली' लावलं. सुरुवातीला शांतता. रंग नाही म्हणून काही पोरं चुळबुळ करायला लागली. मग ती बकरी आली. ती मिकीच्या मैत्रिणीचा, मिनीचा, गाण्याचा कागद खाते, बाजा खाते, आणि मिनी तिची शेपटी फिरवते तसं तिच्या तोंडातून गाणं निघतं. आमच्या गावात बकरीनं वही खाल्ली नाही असं घर नाही. दारातल्या ताई एवढ्या हसल्या की त्यांनी पदर तोंडात धरला. त्यांना बघून आज्या हसल्या, आज्यांना बघून पोरं. मागच्या आठवड्यात त्याच ताईंच्या बकरीनं आमच्या हजेरीपटाचा कोपरा खाल्ला होता, तो चौथीतल्या एकानं उठून सगळ्यांना दाखवला. तीन वेळा लावावं लागलं.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. पहिल्या दिवशी ज्यानं 'कोणत्या गावचा' विचारलं होतं तोच उठला. त्याच्या घरची गाय यंदा विकली गेली आहे, हे मला माहीत होतं. त्यानं विचारलं, "गुरुजी, त्याईचा गोठा पण गेला का?" मी म्हटलं, सोमवारी सांगतो. कोणाला माहीत आहे का?

शकुंतला पॅसेंजर

आहे ना! वावराबरोबर गेला. पण १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी वॉल्टनं अंगणात स्वतःची छोटी आगगाडी बसवली, लेकीच्या मैत्रिणी तिच्यावर बसून फिरायच्या. त्या रुळांशेजारी त्यानं मार्सलिनच्या गोठ्यासारखाच गोठा बांधून घेतला. गाड्यांचे रूळ बदलायची बटणं त्यात होती आणि तो तिथं सुतारकाम करत बसायचा. १९९९ मध्ये तो गोठा उचलून ग्रिफिथ पार्कात नेला. म्हणजे जिथं शेंगा खात बसला होता, त्याच बागेत.

बांधावरचा मास्तर

दादा, आज परिपाठ झाल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं विचारलं, "मंग त्यात जनावरं होती?" मी म्हटलं, नाही रे, आगगाडीची बटणं होती.

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एखादी गाय तरी बांधाची होती."